श्रावणातलं मीठ

हिरा, काल दुपारी तुझी सून निशा वाचनालयात येऊन तुझी कापडी पिशवी देऊन गेली. मी म्हटलं, ठेव टेबलावर. तर म्हणाली, नाही, आईंनी बजावून सांगितलंय, बाईंच्या हातात दे, टेबलावर ठेवून येऊ नको. मी हात पुढे केले. आत चष्म्याची डबी होती, वाचनालयाचं एक पुस्तक होतं आणि तुझ्या नवऱ्याच्या ट्रान्सपोर्ट कंपनीची जुनी डायरी. पुस्तकाची मुदत गेल्या बुधवारी संपली. तू त्याच्या दोन दिवस आधीच गेलीस, तेव्हा मुदत चुकवल्याचा ठपका तुझ्यावर येत नाही. आयुष्यात एकदाही तू पुस्तक उशिरा आणलं नाहीस, आणि हे नोंदवून ठेवणारी मी एकटीच आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

टेबलावर ठेवू नको, हे तू का सांगितलंस ते निशाला कळलं नाही. मला कळलं. तू गेल्याची बातमी आली तेव्हा रडले नव्हते, गव्हाणला येऊन तुझ्या दारात बसले तेव्हाही चार बायकांसारखीच बसले. काल ती पिशवी हातात घेतली आणि रडले. निशा बिचारी घाबरून पाणी आणायला धावली.

आज गुरुवार. अकरा वाजून गेले तसं माझं लक्ष सारखं दाराकडे जात होतं. तू उरण रोडवरच्या कंटेनरना शिव्या घालत यायचीस, पंख्याखाली उभी राहून पदराने मान पुसायचीस आणि मग आज कुठला ट्रेलर कुठे आडवा झाला ते सांगायचीस. तुझा नवरा आयुष्यभर न्हावा शेव्याला तेच ट्रेलर चालवत होता, त्यामुळे तुझ्या शिव्यांत माहिती भरपूर असायची. ते झालं की खुर्ची ओढून बसायचीस आणि म्हणायचीस, "आता कामाचं बोलू."

तू पहिल्यांदा आलीस ती भांडायलाच. अकरा वर्षं झाली. वर्गणी भरून आठवडा झाला नव्हता, आणि तू ती कादंबरी माझ्यासमोर ठेवून विचारलंस, ह्या लेखकाचा पत्ता हाय का. कादंबरीचं नाव मी इथेही लिहीत नाही. नाव घेतलं की वर बसलेल्या लेखकाला उचकी लागेल, असं तूच म्हणायचीस. मी सांगितलं की लेखक जाऊन जमाना झाला. त्यावर तुझा चेहरा असा पडला की तुझ्याच घरातलं कोणी गेलं असावं.

"मंग आता चूक कोनाला सांगायची?"

मला राग आला होता, हिरा. त्या कादंबरीवर मी एम.ए.ला निबंध लिहिला होता. पुण्याहून लग्न करून पनवेलला आले तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली तीच होती. त्यातली, खाडीकाठच्या वाड्यात लग्न होऊन आलेली घाटावरची सगुणावहिनी माझ्या लेखी आत्येबहिणीपेक्षा जवळची होती. आणि समोर गव्हाणची एक बाई, सातवी शिकलेली, त्या कादंबरीतली चूक काढत होती. मी काहीशा थंडपणाने विचारलं, कसली चूक.

तू पान उघडून बोट ठेवलंस. कादंबरीच्या शेवटाकडे वाडा मोडायला येतो. वहिनी आणि तिचा नवरा घर बंद करून होडीने निघणार असतात. त्या सकाळी वहिनीची मोलकरीण तानी, मिठागरातल्या बाईची पोर, टोपली डोक्यावर घेऊन म्हणते, ताजं मीठ घेऊन येते, आणि बांधावरून चालत जाते. महिना श्रावण. तानी पुन्हा कादंबरीत येत नाही. होडी निघून जाते आणि कादंबरी संपते.

"श्रावनात आगरात गुडघाभर पानी असतं बाई. मीठ कुठून येनार? दिवाळीनंतर पानी घ्यायचं, उन्हात सुकवायचं, मे संपायच्या आत ओढून ढीग करायचा. श्रावनात मीठ म्हंजे थंडीत आंबा."

मी तुला सुनावलं की कादंबरी ही कादंबरी असते, शेतकी खात्याचा अहवाल नसतो. तू हसलीस. पुस्तक काखेत मारून निघून गेलीस. त्या दिवशी घरी जाऊन मी ते पान काढलं. बारा वेळा तरी वाचलेलं पान होतं. त्यातल्या त्या ताज्या मिठाच्या टोपलीपाशी माझे डोळे दर वेळी भरून आले होते. एकदाही मला महिना दिसला नव्हता.

पुढच्या गुरुवारी तू आलीस ती उजळलेल्या चेहऱ्याने. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणालीस, "चूक लेखकाची नाय. तानी खोटं बोलली."

मला आधी कळलंच नाही. तू समजावून सांगितलंस, आणि मी अजून तो क्षण विसरलेली नाही. तानीचा जन्म मिठागरातला. श्रावणात मीठ नसतं हे लेखकाला माहीत नसेल, पण तिला माहीत नाही असं होईल का? तरीही ती मीठ आणते म्हणून निघाली. म्हणजे तिला दुसरीकडे जायचं होतं. घाटावरच्या मालकिणीला काय कळतंय म्हणून तिने हे कारण सांगितलं. मग ती गेली कुठे? एवढा साधा प्रश्न. त्या कादंबरीवर मोठमोठ्या लोकांनी लेख लिहिले, मी स्वतः चाळीस पानं लिहिली, पण तानी गेली कुठे हे कोणी विचारलं नव्हतं. लेखकाची चूक तू उचललीस आणि एका पोरीच्या ओटीत तिचं गुपित म्हणून टाकलीस. मी मनातल्या मनात तुला हात जोडले. तोंडाने म्हटलं, असले तर्क कशावरही लढवता येतात.

तिथून तुझं लिहिणं सुरू झालं. ट्रान्सपोर्ट कंपनीच्या जुन्या डायऱ्या नवऱ्याने साठवल्या होत्या, त्यांत. तू म्हणायचीस, मी कादंबरी नाय लिहीत, गेलेली मानसं शोधते. डायरीच्या पहिल्या पानावर यादीच होती. वाटीभर साखर मागायला आलेली शेजारीण, पान चौऱ्याण्णव, नंतर दिसली नाही. तार घेऊन आलेला पोस्टमन, पाणी प्यायला थांबला, पाणी मिळालं की नाही लिहिलेलं नाही. टांगेवाला, त्याच्या घोड्याचा पाय दुखत होता. एकेका जुन्या पुस्तकातून तू ही माणसं वेचून आणायचीस आणि त्यांचं पुढे काय झालं ते मला सांगत बसायचीस. पोस्टमनला पाणी मिळालं का, या प्रश्नावर आपण एक अख्खा गुरुवार घालवला होता. शेवटी मिळालं, पण कोमट.

आणि त्यावरून आपलं भांडण. मी म्हणायचे, दुसऱ्याने बांधलेल्या घरात आपण खिळे ठोकू नयेत. लेखकाने जिथे थांबायचं ठरवलं तिथे थांबावं, तो हयात नाही, त्याला विचारता येत नाही, म्हणून तर जास्तच थांबावं. तू शांतपणे ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "खिळा कुठं ठोकते? दाराबाहेर कोनीतरी उभं हाय. मी निस्तं इचारते, बाबा, कोनाकडं आलायस?" मी दर वेळी चहा मागवून विषय बदलला.

आता ती गोष्ट सांगते जी तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकली नाहीस.

आपल्या वाचनालयात जुन्या पुस्तकांची पानं हरवली की ती हाताने उतरवून घ्यायची पद्धत माझ्याही आधीपासूनची. दुसऱ्या गावच्या वाचनालयातून तेच पुस्तक मागवायचं, त्याच मापाचा कागद कापायचा, अक्षर बरं असलेल्या कोणाला तरी बसवायचं आणि ती पानं बाइंडरकडे देऊन पुस्तकात शिवून घ्यायची. आपल्या वाचकांना त्याची इतकी सवय की छापील मजकुरात मध्येच निळ्या शाईची पानं आली तरी कोणाचं वाचणं अडत नाही. हरवलेली होती, उतरवून घेतली, इतकंच. तुझं अक्षर मी डायरीत पाहिलं आणि हे काम तुझ्याकडे दिलं. वीसेक पुस्तकं तू दुरुस्त केलीस. मूळ पुस्तकातली छपाईची चूकसुद्धा तशीच उतरवायचीस. मी म्हटलं, ती तरी सुधार, तर म्हणालीस, ते माझं काम नाय. तुझ्या या प्रामाणिकपणाची मला पुढे आठवण व्हायला हवी होती.

मधल्या काळात आपल्या प्रतीतली त्या कादंबरीची शेवटची आठ पानं कोणीतरी कापून नेली. ती तू उतरवलीस. त्याच कागदावर, त्याच शाईने, तानीचं पुढचंही लिहून झालं होतं, बावीस पानं, मी वाचावीत म्हणून. त्या गुरुवारी माझ्याकडे समितीची माणसं बसली होती. तू दोन्ही गठ्ठे पिशवीतून काढून टेबलावर ठेवलेस, खुणेने सांगितलंस की वाचा, आणि बस गाठायला गेलीस. मी कागदांकडे पाहिलंही नाही. सगळे कागद एकत्र करून दोऱ्याने बांधले आणि बाइंडरच्या पोत्यात टाकले. बाइंडरने सगळं इमानेइतबारे शिवलं. मी नंतर तुला म्हणाले, वाचायला दिलेलं कुठेतरी ठेवलंय, सापडलं की वाचते. तू म्हणालीस, सावकाश. अशी दोन वर्षं गेली.

मग तो वर्धापनदिन. आपले देवधर, खारघरहून येणारे निवृत्त इंजिनिअर, दर वर्षी एका पुस्तकावर बोलतात. त्या वर्षी त्यांनी तीच कादंबरी निवडली होती, आपल्याच प्रतीतून वाचलेली. तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस, मी व्यासपीठाच्या कडेला. देवधर रंगात आले. म्हणाले, मला सर्वांत मोठा वाटतो तो शेवट. तानी आईच्या झोपडीत एक रात्र काढते. मडक्यात उरलेलं गेल्या सालचं मीठ, धुराने काळपट झालेलं, टोपलीत घालून सकाळी परत येते. बघते तर वाड्याला कुलूप. ती ते मीठ उंबऱ्यावर ओतते आणि निघून जाते. पाऊस लागतो. दार उघडायला कोणी येईल तेव्हा तिथे पांढरट डागाशिवाय काही नसेल. आणि देवधर थांबून म्हणाले, असा शेवट सुचायला लेखक त्या तोडीचाच लागतो.

सभागृहात टाळ्या पडल्या. मी तुझ्याकडे बघितलं. तू मांडीवरच्या कागदात बटाटावडा धरून बसली होतीस आणि एकटी टाळ्या वाजवत नव्हतीस. मला त्यात चोरी दिसली. हिरा, मला चोरी दिसली. ज्या बाईने कधी छपाईची चूकसुद्धा सुधारली नाही तिने आपली पानं लबाडीने पुस्तकात घुसवली, असं मी धरून चालले.

पुढच्या गुरुवारी मी तुला बोलले ते सगळं मला शब्दन् शब्द आठवतं. लिहीत नाही. तू एवढंच म्हणालीस, "मी टेबलावर ठेवली व्हती, बाई." मला त्याचा अर्थ त्या क्षणी लागला नाही, आणि रात्री लागला तेव्हा जीभ उचलेना. तिथल्या तिथे मी तुला सांगितलं, ती पानं मी काढून टाकणार. वर आणखी एक टोला दिला, कारण टोला द्यायला मला तेवढाच उरला होता. म्हटलं, तुझ्या तानीला हुशार करायच्या नादात तू माझ्या सगुणावहिनीला खुळी केलीस. चार वर्षं मिठागराशेजारी राहिलेली बाई श्रावणात मीठ आणायला निघालेल्या पोरीवर विश्वास ठेवते? इतकी का ती मूर्ख होती?

मला वाटलं, आता तरी भांडशील. तू म्हणालीस, "ह्याचा इचार नव्हता केला मी. बघू." आणि उठता उठता, "पानं फाडू नका. दोरा कापला की सुटतात. बाकीचं पुस्तक ढिलं पडनार नाय."

माझ्या हातून तुझं लिखाण जाणार होतं, आणि तुला काळजी पुस्तकाच्या शिवणीची.

मी दोरा कापायला बसले होते, ही खरी गोष्ट आहे. ब्लेड घेतलं. कुठून कापायचं ते बघायला तुझं पहिलं पान वाचलं, आणि मग सगळी बावीस वाचली. देवधर काही चुकीचं बोलले नव्हते. त्यांनी सांगितलं नाही असंही त्यात बरंच होतं. तानीची आई लेकीला न विचारता जेवण वाढते, ते. आई म्हणते, काय सांगून आलीस? तानी सांगते, मीठ आणते म्हणून. दोघी इतक्या हसतात की झोपडीतली कोंबडी उठून बाहेर जाते. मी टेबलापाशी एकटी हसले. मग ब्लेड ड्रॉवरमध्ये ठेवलं. पुस्तक थोडे दिवस कपाटात राहिलं, नंतर देवधरांनीच मागितलं म्हणून बाहेर काढलं, आणि ते पुन्हा फिरू लागलं. कोणी विचारलं, ही पानं हाताची कशी, तर मी सांगत राहिले की हरवली होती, उतरवून घेतली.

तू त्याच्या पुढच्या गुरुवारी विचारलंस, झालं का. मी म्हटलं, झालं.

त्यानंतर चार वर्षं तू येत राहिलीस. यासाठी मात्र मी तुला मानते, दुसरी असती तर दुसरं वाचनालय शोधलं असतं. तू पुस्तकं नेलीस, आणलीस, बोंबलाचा भाव सांगितलास, विमानतळाच्या कामाच्या आवाजानेसुद्धा गव्हाणचे कावळे आता उडत नाहीत म्हणालीस. भरावाखाली गेलेल्या मिठागराची जागा बसच्या खिडकीतून बोट करून एकदा मला दाखवलीस, हा आमचा बांध व्हता म्हणालीस, तिथे आता टायरचं दुकान होतं. सगळं बोललीस. फक्त "आता कामाचं बोलू" असं पुन्हा कधी म्हणाली नाहीस. गेलेल्या माणसांपैकी एकाचंही नाव निघालं नाही. आणि मी, जिला रोज त्या विषयावरून तुझ्याशी भांडावंसं वाटत होतं, मी चहा मागवत राहिले. माफी मागायची तर दोन गोष्टी सांगायला लागल्या असत्या. एक, गठ्ठा मी बांधला होता. दुसरी, पानं मी काढली नव्हती. पहिलीची लाज वाटायची आणि दुसरीच्या आड अभिमान यायचा. इतकी वर्षं ताठपणे सांगितलेलं तत्त्व तुझ्या बावीस पानांनी मोडलं, हे तुझ्या तोंडावर कसं म्हणायचं?

काल पाणी देऊन झाल्यावर निशा बसली. सहज बोलावं तसं म्हणाली, "बाई, गेल्याच्या गेल्या दिवाळीत आईंनी ते हाताच्या पानांचं पुस्तक माझ्या नावावर आणवलं होतं. तुमची सुट्टी असते ना सोमवारी, तेव्हा मला पाठवलं. मागची पानं बघितली आणि नुसत्या हसत सुटल्या. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, आमची बाई पन तानीच हाय."

निशा गेल्यावर मी रजिस्टर काढून पाहिलं. सोमवार. निशा म्हात्रे. मदतनीस मुलीची सही. म्हणजे दीड वर्ष तुला माहीत होतं, हिरा. माझ्यासमोर बसून तू बोंबलाचे भाव सांगत होतीस आणि तुला माहीत होतं की मी खोटं बोलले. तू मला पकडलं नाहीस.

मग मी डायरी उघडली. शेवटची लिहिलेली सहा पानं. वर तू शीर्षक घातलं होतंस, वहिनींचं. मी ती पानं आज सकाळपर्यंत चार वेळा वाचली. होडी निघायच्या तयारीत आहे. नवरा विचारतो, तानी कुठाय. सगुणावहिनी म्हणते, मीठ आणायला पाठवलंय. नवरा हसून म्हणतो, श्रावणात? तुला इथलं काहीच कसं कळत नाही गं अजून. वहिनी पाण्याकडे बघते. आणि मग तू लिहिलंयस ते असं:

"चार वर्षं तिच्या खिडकीतून मिठागरच दिसत होतं. कधी पाणी घेतात, कधी सुकतं, कधी ढीग लागतात, सगळं तिला पाठ होतं. तानीने मिठाचं नाव काढलं तेव्हाच तिला कळलं होतं. तिने टोपलीसुद्धा स्वतः काढून दिली. पोरीला कुठेतरी जायचं होतं. खरं कारण विचारलं असतं तर तिला थांबावं लागलं असतं. वहिनी म्हणाली, मला नाही कळत खरं. चला आपण."

माझ्या टोल्याचं उत्तर तू चार वर्षांनी दिलंस. मला वाटत होतं की वहिनीवर खुळी म्हणवून घ्यायची वेळ तू आणलीस. तू तिला नवऱ्यासमोर आपणहून खुळी म्हणवून घ्यायला लावलंस, पोरीला जाता यावं म्हणून. मी वहिनीवर चाळीस वर्षं प्रेम केलं, पण ती इतकी मोठी आहे हे मला ठाऊक नव्हतं. मूळ लेखकालाही ठाऊक नसावं. आता त्याला उचकी लागली तर लागू दे.

आणि ती सहा पानं फक्त वहिनीबद्दल नाहीत, एवढं मला कळतं. माझं खोटं तुला ठाऊक होतं, तू ते चालू दिलंस, मला टोपलीही काढून दिलीस. फरक एवढाच की मी परत यायला उशीर केला.

आज साडेअकराला देवधर आले. मी त्यांना बसवलं आणि सांगितलं. ज्या शेवटावर ते बोलले होते तो लेखकाचा नाही, गव्हाणच्या हिराबाई म्हात्रेंचा आहे. चुकून शिवला गेला, चूक माझी होती. हरवलेली पानं म्हणून मी सगळ्यांना जे सांगत आले ते खोटं होतं. मग त्यांनी विचारलं, त्याच का, तिसऱ्या रांगेत बसायच्या? मी हो म्हटलं.

"मी त्यांच्या समोर बोललो, आणि त्यांनी मला सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

"त्या टाळ्या त्यांच्या होत्या हो." असं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ते पुस्तक द्या, मला पुन्हा एकदा वाचायचंय. मी म्हटलं, थोडे दिवस थांबा, त्यात अजून सहा पानं घालायची आहेत.

दुपारी दार लावून मी कागद कापायला घेतला. त्याच मापाचा. शाई निळीच घेतली. तुझी सहा पानं मी उतरवून काढली. माझं अक्षर तुझ्याइतकं चांगलं नाही, ओळी उजवीकडे चढतात, तुला दिसलं असतं तर तू काही बोलली नसतीस आणि दुसरा कागद पुढे केला असतास. एका ठिकाणी तू घाईत शब्द गाळला आहेस. तो मी भरला नाही, तसाच उतरवला. ते माझं काम नाही.

सगळ्यात वर आणखी एक पान घातलंय, बावीस पानांच्या आधी येईल असं. त्यावर लिहिलंय: मूळ कादंबरी इथे संपते. यापुढचं हिराबाई म्हात्रे, गव्हाण, यांनी लिहिलं आहे. पुस्तकातली हरवलेली माणसं त्या शोधत असत.

मग पुस्तक आणि कागद घेऊन मी स्वतः बाइंडरकडे गेले. पोत्यात टाकलं नाही. तो शिवत होता, म्हणाला, ठेवा बाई तिथं टेबलावर, बघतो. मी म्हटलं, तुझं होऊ दे, मी थांबते. त्याने सुई ठेवली, हात पुसले आणि पुढे केले, तेव्हा दिलं.